‘सूत्रांनी सांगितलं’ म्हणजे कोणी? १९७१ चं पूर्व पाकिस्तान आणि युद्धबातमीचा उगम

मागच्या वेळी आपण वर्तमानपत्रांकडे इतिहासाचं साधन म्हणून कसं पाहायचं, यावर बोललो होतो. त्यानंतर अनेकांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. युद्ध चालू असताना, दंगल चालू असताना छापून आलेल्या बातमीवर इतिहासकाराने किती विश्वास ठेवायचा? प्रश्न रास्त आहे. म्हणून आजचं व्याख्यान त्यावरच ठेवलं आहे. पण सिद्धांत सांगत बसण्यापेक्षा एकच प्रसंग घेऊ आणि तो नीट उलगडून पाहू.

कराची, १९७१ सालचा मे-जूनचा सुमार. पहाटे तीन वाजता एका घराच्या खिडकीवर तारवाला थापा मारतो. तारेत एवढंच लिहिलेलं, की ॲनचं ऑपरेशन यशस्वी झालं. घरातली बाई तार वाचते आणि मुलांना उठवते. कारण कुठल्याही ॲनचं कुठलंही ऑपरेशन झालेलं नव्हतं. तार लंडनहून तिच्या नवऱ्याने पाठवली होती आणि तिचा ठरलेला अर्थ होता, की देश सोडायची तयारी करा. प्रत्येकी एक सुटकेस, बाकी सगळं संसाराचं सामान मागे.

एका बातमीसाठी एका कुटुंबाने घरदार सोडलं. ती बातमी काय होती, ती त्या बातमीदाराला कोणी सांगितली, आणि ज्यांनी सांगितली त्यांनी ती का सांगितली, हे आज पाहायचं आहे. आपल्याकडे ‘विश्वसनीय सूत्रांकडून मिळालेल्या माहितीनुसार’ असं वाक्य रोज छापलं जातं. ते आपण इतक्या वेळा वाचतो की त्या ‘सूत्रां’ना तोंड, पोट, भीती, स्वार्थ असतो हे विसरून जातो.

आता थोडं मागे जाऊ. युद्धावर खास बातमीदार पाठवायची प्रथा रुजली ती क्रिमियाच्या युद्धात. लंडनच्या ‘टाइम्स’ने १८५४ मध्ये विल्यम हॉवर्ड रसेल याला तिकडे पाठवलं. सरसेनापती लॉर्ड रॅग्लन त्याची दखलही घेत नसे. सैन्याकडून अधिकृत काही मिळण्याची सोय नव्हती. मग रसेलने काय केलं? छावणीत फिरायचं, कनिष्ठ अधिकाऱ्यांशी, शिपायांशी बोलायचं, आणि जे डोळ्यांनी दिसेल ते लिहायचं. थंडीने, कॉलऱ्याने, अव्यवस्थेने माणसं कशी मरताहेत हे त्याच्या पत्रांतून इंग्लंडला कळलं. याचा परिणाम दुहेरी झाला. एकीकडे लोक खवळले. दुसरीकडे, युद्ध संपता संपता, फेब्रुवारी १८५६ मध्ये, बातमीदारांवर बंधनं घालणारा लष्करी हुकूम निघाला. म्हणजे युद्धवार्ता आणि सेन्सॉर ही जवळजवळ जुळी भावंडं आहेत.

हाच रसेल १८५८ मध्ये हिंदुस्थानात आला, बंडाच्या बातम्या द्यायला. इथे त्याने जे केलं ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचं आहे. कानपूरला बिबीघरात सुमारे २०० इंग्रज बायका-मुलांची कत्तल झाली होती, ती खरीच. पण तिथल्या भिंतीवर मरणाऱ्या बायकांनी ‘सूड घ्या’ असं लिहून ठेवलंय, ही गोष्ट इंग्लंडभर पसरली होती. रसेलने चौकशी केली. हॅवलॉकचं सैन्य आत शिरलं तेव्हा भिंतीवर असं काही नव्हतं, ते मागाहून कोणीतरी लिहिलं, असं त्याने नोंदवलं. लक्षात घ्या, कत्तल खरी आणि भिंतीवरचं लिखाण खोटं. दोन्ही एकाच वेळी. हिंसाचाराच्या बातमीत हे नेहमी घडतं. खऱ्या गोष्टीच्या अंगावर खोटी गोष्ट वाढते, आणि मग एक गट खोटी गोष्ट धरून खरीही नाकारतो, तर दुसरा गट खरी गोष्ट धरून खोटीही खपवतो.

आपल्या मराठीतही याच काळाचा एक साक्षीदार आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे. ते काही बातमीदार नव्हते, चार पैसे मिळतील म्हणून उत्तरेकडे निघालेले भिक्षुक. झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ वाचताना एक गोष्ट जाणवते. झाशीत त्यांनी स्वतः सोसलेलं सांगतात तेव्हा तहान, भूक, लपायची जागा, जळणारी घरं असे बारीक तपशील येतात. दुसरीकडच्या, ऐकलेल्या हकिकती सांगतात तेव्हा गोष्ट एकदम गोळीबंद होते, बखरीसारखी. म्हणून आपण आज पहिलं सूत्र लिहून ठेवू: पाहिलेलं खडबडीत असतं, ऐकलेलं गुळगुळीत असतं. नियम म्हणून नाही, पण कान टवकारायची खूण म्हणून.

आता १९७१ कडे येऊ. पार्श्वभूमी बहुतेकांना माहीत आहे, तरी दोन वाक्यांत. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातल्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जिंकल्या आणि संपूर्ण पाकिस्तानच्या राष्ट्रीय सभेत बहुमत मिळवलं. सत्ता देण्याऐवजी याह्या खान यांच्या लष्करी राजवटीने चालढकल केली, आणि २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात लष्करी कारवाई सुरू झाली.

लष्कराने त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी दोन कामं केली. ‘इत्तेफाक’, ‘द पीपल’ या स्थानिक वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांवर हल्ले करून त्या जाळल्या. आणि इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलात असलेल्या तीसहून जास्त परदेशी पत्रकारांना बाहेर पडायला बंदी केली, मग गोळा करून विमानाने कराचीला नेलं आणि देशाबाहेर काढलं. त्यांच्या टिपणवह्या, फिल्म्स काढून घेतल्या. म्हणजे आतले कान कापले, बाहेरचे डोळे बांधले.

दोन डोळे मात्र सुटले. ‘डेली टेलिग्राफ’चा २६ वर्षांचा सायमन ड्रिंग आणि असोसिएटेड प्रेसचा फोटोग्राफर मिशेल लॉराँ. दोघं हॉटेलातच लपून राहिले. त्यांना लपवून ठेवण्यात हॉटेलातल्या बंगाली कर्मचाऱ्यांचा हात होता. २७ तारखेला संचारबंदी काही तास उठली तेव्हा दोघं शहरात हिंडले. विद्यापीठाची वसतिगृहं, राजारबागची पोलीस लाईन, जुनं ढाका. त्यानंतर झडत्यांमधून टिपणं सांभाळून ड्रिंग बाहेर पडला आणि बँकॉकहून त्याने बातमी दिली. ३० मार्चला ती छापून आली. जगाला ढाक्याची पहिली सविस्तर, डोळ्यांनी पाहिलेली हकिकत मिळाली ती अशी.

इथे दोन गोष्टी नोंदवू. पहिली, बातमीवर नाव ड्रिंगचं आहे, पण ती शक्य झाली हॉटेलातल्या त्या कर्मचाऱ्यांमुळे, ज्यांची नावं बातमीत नाहीत. असायलाही नकोत. त्यांना ढाक्यातच राहायचं होतं. दुसरी, त्या बातमीत मृतांचा आकडा ७,००० असा दिलेला आहे. प्रेतं ड्रिंगने पाहिली होती, पण सात हजार मोजली नव्हती. तो अंदाज होता. त्याने स्वतः पाहिलेलं आणि लोकांनी सांगितलेला अंदाज एकाच बातमीत शेजारी शेजारी आहेत, आणि वाचणाऱ्याने त्यांची फारकत करायला शिकलं पाहिजे.

अशी आतली माणसं थोडी. मग उरलेल्या जगाला, आणि विशेषतः भारताला, बातम्या कुठून मिळत होत्या? सीमेवरून. आणि इथे आपल्याला आपल्याच घराकडे थोडं कठोरपणे पाहावं लागेल.

मार्चच्या अखेरीस गुप्त रेडिओवरून जाहीर झालं की लष्करी प्रशासक टिक्का खान मारला गेला. आपल्याकडे ही बातमी मोठ्या उत्साहाने पुढे गेली. टिक्का खान जिवंत होता, ठणठणीत होता. पण त्या रेडिओवर बोलणारी माणसं तरी काय करणार? लोकांचं धैर्य टिकवणं हे त्यांचं काम होतं. लढणाऱ्याने सांगितलेली बातमी हा त्याच्या लढाईचाच भाग असतो. दोष द्यायचा तर तो रेडिओला नको. ज्यांच्याकडे ताडून पाहायला वेळ होता आणि तरीही ज्यांनी पाहिलं नाही, त्यांना द्यायला हवा.

दुसरं उदाहरण आणखी मजेशीर आहे. १७ एप्रिलला बांगलादेशच्या हंगामी सरकारचा शपथविधी झाला. त्यासाठी पत्रकारांना कलकत्त्याच्या प्रेस क्लबपासून मोटारींनी नेण्यात आलं, सीमेपलीकडे मेहेरपूर भागातल्या बैद्यनाथतला या आमराईत. त्या जागेला ‘मुजीबनगर’ असं नाव देण्यात आलं. शपथविधी खराच झाला, बांगलादेशच्या भूमीवरच झाला. पण त्यानंतर ते सरकार बसत होतं कलकत्त्यात, ८ थिएटर रोडवर, आणि बातम्यांवर ठिकाण लिहिलं जात होतं मुजीबनगर. कलकत्त्यातल्या पत्रकारांना हे ठाऊक होतं. भारताला अधिकृतपणे ते कबूल करता येत नव्हतं. मग पत्रकारांनी काय करायचं? बहुतेकांनी ते पत्रं, ते निवेदन, ते ठिकाण जसंच्या तसं छापलं. आपल्याला तो लढा न्याय्य वाटतो, म्हणून ही गोष्ट खटकत नाही. पण इतिहास वाचणाऱ्याने आपल्या बाजूची गोष्टही त्याच चाळणीतून काढायला हवी, नाहीतर ती चाळणी काय कामाची?

सीमेवरचा तिसरा आणि सगळ्यात मोठा आवाज निर्वासितांचा. वर्षअखेरीपर्यंत सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. बनगाव, सॉल्ट लेक, आगरतळा इथल्या छावण्यांत पत्रकारांची रीघ लागली. निर्वासित हा विश्वासार्ह साक्षीदार आहे का? असा प्रश्न विचारायलाच संकोच वाटतो. जिच्यासमोर नवरा मारला गेला तिला पुरावा कसला मागायचा? पण चांगले बातमीदार पुरावा मागत नव्हते, ते वेगळे प्रश्न विचारत होते. गाव कोणतं? कोणत्या वारी? सैनिक कोणत्या रस्त्याने आले? तुम्ही कुठे उभ्या होतात? तुमच्या गावचं आणखी कोण या छावणीत आहे? मग त्या दुसऱ्या माणसाला वेगळं गाठून तेच प्रश्न. दोघांच्या सांगण्यात थोडी तफावत असेल तर उलट विश्वास वाढतो. शब्दन् शब्द जुळला तर मात्र थांबायचं, कारण मग ती गोष्ट छावणीत शिजलेली असू शकते. पोलीस तपासात हेच करतात, कोर्टात हेच करतात. फरक एवढाच की पत्रकाराकडे दोन तास असतात आणि समोरची बाई दोन दिवस जेवलेली नसते. तिला किती विचारायचं आणि कुठे थांबायचं, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नसतं.

आता त्या तारेकडे परत येऊ.

एप्रिल १९७१. पाकिस्तान सरकारच्या लक्षात आलं की पत्रकारांना हाकलून बातम्या थांबत नाहीत, सीमेवरून येतच राहतात. तेव्हा त्यांनी दुसरा मार्ग धरला. आपल्याच देशातले आठ पत्रकार निवडले आणि त्यांना दहा दिवसांच्या दौऱ्यावर पूर्व पाकिस्तानात नेलं. उद्देश दोन. परिस्थिती पूर्वपदावर येते आहे हे दाखवायचं, आणि मार्चमध्ये बंगाली जमावांनी बिहारी म्हणजे बिगरबंगाली लोकांच्या ज्या हत्या केल्या होत्या, त्या जगापुढे आणायच्या. त्या हत्या झाल्याच होत्या. सरकारी दौऱ्यात दाखवलेलं सगळं खोटं नसतं. बरं का, हीच त्याची खरी ताकद असते.

आठांपैकी सातांनी दौऱ्यावरून परतल्यावर अपेक्षित तसं लिहिलं. आठवा होता अँथनी मास्कारेन्हस. कराचीच्या ‘मॉर्निंग न्यूज’चा सहसंपादक. मूळचं घराणं गोव्याचं ख्रिस्ती, आणि जन्म १९२८ सालचा, बेळगावातला. शिक्षण आणि कारकीर्द कराचीत. तेव्हा कराचीत गोवेकरांची मोठी वस्ती होती. तर हा आपल्या मुलखात जन्मलेला माणूस या गोष्टीच्या मध्यभागी उभा आहे.

मास्कारेन्हस कोमिल्ल्याला नवव्या डिव्हिजनच्या अधिकाऱ्यांबरोबर सहा दिवस फिरला. त्यांच्या गाड्यांतून, त्यांच्या मेसमध्ये जेवत, सर्किट हाऊसमध्ये राहत. आणि अधिकारी त्याच्यापुढे मोकळेपणाने बोलत राहिले. कोणत्या गावात किती मारले. हिंदू कसे ओळखून काढले. रात्री मेसमध्ये दिवसभराचा हिशेब कसा सांगितला जातो. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी त्याला सांगितलं, की फुटून निघण्याचा धोका कायमचा संपवायचाय, मग वीस लाख माणसं मारावी लागली आणि तीस वर्षं वसाहतीसारखं राज्य करावं लागलं तरी चालेल. सर्किट हाऊसच्या आवारात मार खाणाऱ्यांच्या किंकाळ्या त्याने स्वतः ऐकल्या.

एक प्रसंग मुद्दाम सांगतो. गस्तीच्या वाटेवर एक तरुण पळताना दिसला. चोवीस वर्षांचा, शिवणकाम करणारा. सैनिकांनी धरला. एरवी धावतानाच गोळी घातली असती, पण तुम्ही इथे नवे आहात, म्हणून तुमच्याखातर त्याची चौकशी करतोय, असं बरोबरच्या मेजरने मास्कारेन्हसला सांगितलं. हे वाक्य लक्षात ठेवा, आपल्याला थोड्या वेळाने परत लागणार आहे. बातमीदार तिथे उभा आहे एवढ्याने समोरच्या घटनेत फरक पडला.

आता मुख्य प्रश्न. हे अधिकारी इतकं का बोलले? मास्कारेन्हसने त्यांना फसवलं नव्हतं. तो पत्रकार आहे हे त्यांना माहीत होतं. पण तो ‘आपला’ पत्रकार आहे, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. शिवाय, आणि हे जास्त भयानक आहे, आपण सांगतोय त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. ते कबुली देत नव्हते, ते काम सांगत होते. इतिहासकाराच्या दृष्टीने यापेक्षा भक्कम साधन नाही. कोर्टातही स्वतःविरुद्ध जाणारं विधान जास्त वजनदार मानतात, कारण माणूस स्वतःचं नुकसान करणारं खोटं सहसा बोलत नाही. निर्वासिताचं म्हणणं कोणी अतिशयोक्ती म्हणून झटकू शकेल, रेडिओचं प्रचार म्हणून झटकता येईल. पण मारणाऱ्याच्याच तोंडून आलेली हकिकत झटकायची कशी?

मास्कारेन्हस घरी परतला तेव्हा हादरलेला होता. हे लिहिता आलं नाही तर यापुढे एक शब्दही लिहू शकणार नाही, असं त्याने बायकोला सांगितलं. पाकिस्तानात ते छापणं शक्यच नव्हतं. प्रत्येक मजकूर लष्करी सेन्सॉरकडून जायचा, आणि प्रयत्न केला तर गोळी घालतील याची त्याला खात्री होती. बहीण आजारी असल्याचं कारण सांगून तो लंडनला गेला आणि थेट ‘संडे टाइम्स’चे संपादक हॅरॉल्ड इव्हान्स यांच्याकडे पोहोचला. इव्हान्स यांना पटलं त्यातलं एक कारण असं, की हा माणूस बंगाली जमावांनी केलेल्या हत्यांबद्दलही तितक्याच अस्वस्थपणे बोलत होता. एका बाजूची वकिली करायला तो आला नव्हता. पण लष्कर करतंय ते त्याहून कितीतरी मोठं आणि पद्धतशीर आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

मग ती तार. संशय येऊ नये म्हणून तो स्वतः कराचीला परत गेला. बायको-मुलं बाहेर पडली. पाकिस्तानी नागरिकाला वर्षाला एकदाच परदेशी विमानप्रवासाची मुभा होती, आणि त्याची तर ती वापरून झालेली. म्हणून तो एकटा जमिनीवरून, सीमा ओलांडून अफगाणिस्तानात निसटला. लंडनमध्ये कुटुंब एकत्र आलं, आणि दुसऱ्या दिवशी, १३ जून १९७१ ला, लेख छापून आला. मथळा एकाच शब्दाचा: ‘वंशसंहार’. पुढे इंदिरा गांधींनी इव्हान्स यांना सांगितलं, की या लेखाने त्या इतक्या हादरल्या की युरोपच्या राजधान्यांमध्ये आणि मॉस्कोत स्वतः जाऊन पाठिंबा मिळवायच्या मोहिमेला त्या लागल्या. लेखामुळे युद्ध झालं असं आपण म्हणणार नाही. एक कोटी निर्वासित हे कारण पुरेसं मोठं होतं. पण जगाचं मन वळवण्यात त्या लेखाचा वाटा नक्की होता.

आता अवघड प्रश्न विचारू. मास्कारेन्हसने विश्वासघात केला का? ज्यांचं मीठ खाल्लं, ज्यांनी मोकळेपणाने सांगितलं, त्यांची नावं, हुद्दे त्याने छापले. पत्रकारितेत ‘सूत्राचं रक्षण’ हे पवित्र मानतात. मग?

आम्हाला असं वाटतं, की सूत्राचं रक्षण हे दुबळ्याच्या संरक्षणासाठी असतं. हॉटेलातल्या कर्मचाऱ्याचं नाव लपवायचं, कारण बोलल्यामुळे त्याचा जीव जाऊ शकतो. ज्याच्या हातात बंदूक आहे आणि जो इतरांचा जीव घेतोय, त्याने मैत्रीत सांगितलं म्हणून ते गिळून टाकणं हे रक्षण नव्हे, ती भागीदारी झाली. शिवाय नाव गुप्त ठेवतो असं वचन त्याने कोणाला दिलं होतं, असं दिसत नाही. तरीसुद्धा या उत्तराची किंमत आहे, ती लपवू नये. अशा प्रत्येक लेखानंतर पुढच्या बातमीदारासमोर अधिकारी तोंड मिटतात. एकदा वापरलेला दरवाजा बंद होतो. मास्कारेन्हसने तो दरवाजा आणि त्याबरोबर स्वतःचा देश, दोन्ही एकदाच वापरले.

आणि ते सात जण? त्यांच्यावर दगड मारणं सोपं आहे. त्यांच्याही घरी मुलंबाळं होती. लंडनच्या संपादकापर्यंत त्यांचा हात पोहोचत नव्हता. आपण त्या जागी असतो तर सातांत असतो की आठवे, याचं उत्तर या खोलीत बसून देण्यात अर्थ नाही. पण वाचक म्हणून एक मात्र शिकता येतं. एकाच दौऱ्यावरून आलेल्या सात बातम्या जुळत असतील तर ते सात पुरावे होत नाहीत. त्या सगळ्यांचा उगम एकच असतो.

आकड्यांबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. जानेवारी १९७२ मध्ये सुटून परतलेल्या मुजीब यांनी मृतांचा आकडा ३० लाख सांगितला. पाकिस्तानच्या हमुदूर रहमान आयोगाने लष्कराच्या अहवालांच्या आधारे २६ हजार मानला. दोन्हींमध्ये शंभरपटींहून जास्त फरक. अभ्यासकांचे अंदाज यांच्या मध्ये बरेच पसरलेले आहेत. एक आकडा देशाच्या जन्मकथेचा भाग झाला, दुसरा मारणाऱ्यांनीच वर पाठवलेल्या कागदांतून आला. दोन्हींचा उगम पाहिला की दोन्ही जपून वापरायचे हे कळतं. पण आकड्यावर वाद आहे म्हणून घटनाच संशयास्पद, हा युक्तिवाद कोणी केला तर बिबीघराची भिंत आठवा.

आता युद्धाच्या शेवटाकडे. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. १८ डिसेंबरला तिथे मुक्तिबाहिनीची सभा झाली. सभेनंतर लष्कराला साथ दिल्याचा आरोप असलेल्या काही कैद्यांना मुक्तिबाहिनीच्या लोकांनी जमावासमोर हालहाल करून, संगिनींनी भोसकून मारलं. परदेशी फोटोग्राफर हजर होते. त्यातले काही तिथून निघून गेले. त्यांना वाटलं, हे आपल्या कॅमेऱ्यासाठी चाललंय, आपण गेलो तर कदाचित थांबेल. ते गेले, पण थांबलं नाही. दोघं थांबले, होर्स्ट फास आणि मिशेल लॉराँ. हो, तोच लॉराँ, जो मार्चमध्ये ड्रिंगबरोबर लपला होता. त्या छायाचित्रांना १९७२ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

आता मेजरचं ते वाक्य आठवा: तुमच्याखातर चौकशी करतोय. तिथे बातमीदाराच्या असण्याने गोळी थांबली. इथे कॅमेऱ्याच्या असण्याने संगीन चालली असेल, अशी शंका स्वतः पत्रकारांनाच आली. जे थांबले त्यांच्यामुळे विजयी बाजूचंही कृत्य इतिहासात नोंदलं गेलं. जे निघून गेले त्यांनी माणूस म्हणून जे शक्य होतं ते करून पाहिलं. कोण बरोबर? आम्ही यावर अनेकदा विचार केलाय, आणि दोघांनाही चूक म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

शेवटी त्यांच्याबद्दल, ज्यांच्याकडे बाहेर पडायला विमान नव्हतं. ढाक्यातच राहून काम करणारे बंगाली पत्रकार. ‘इत्तेफाक’चे सिराजुद्दीन हुसेन यांना १० डिसेंबरला घरातून उचललं. बीबीसीसाठी बातम्या देणारे निझामुद्दीन अहमद यांना १२ तारखेला. ‘शिलालिपी’च्या संपादक सेलिना परवीन यांना १३ तारखेला. ‘संवाद’चे शहीदुल्ला कैसर यांना १४ तारखेला. शरणागतीला काही तास, काही दिवस उरले असताना. यांतलं कोणीही जिवंत परतलं नाही. जगाने ज्या बातम्या परदेशी नावांखाली वाचल्या, त्यातल्या कितीतरी अशाच माणसांच्या पायपिटीवर उभ्या होत्या. बाहेरचा बातमीदार पकडला गेला तर बहुधा हद्दपार होतो. स्थानिक माणूस पकडला गेला तर परत येत नाही. युद्धबातमीचा खर्च हा असा असमान वाटला गेलेला असतो.

तर आज घरी जाताना काय घेऊन जायचं? फोनवर एखाद्या दंगलीची, एखाद्या सीमेवरची बातमी येईल, तेव्हा चारच प्रश्न विचारून पाहा. सांगणाऱ्याने हे पाहिलंय की ऐकलंय? हे सांगून त्याचा फायदा होतो की तोटा? याच गोष्टीचं दुसरं, स्वतंत्र मूळ आहे का, की सात जण एकाच दौऱ्यावर गेले होते? आणि हे आपल्यापर्यंत पोहोचवण्यासाठी कोणी काय पणाला लावलंय? चौथ्या प्रश्नाने बातमी खरी की खोटी ते ठरत नाही. पण तो विचारायची सवय लागली, की बातमी पुढे ढकलण्यापूर्वी बोट क्षणभर थांबतं. तेवढं झालं तरी पुष्कळ.

पुढच्या वेळी आपण दंगलींच्या चौकशी आयोगांचे अहवाल कसे वाचायचे ते पाहू. आता तुमचे प्रश्न घेऊ.